माणुसकीचा आकडा

टेबलाभोवती बसून कथेतील पात्रांच्या भूमिका वठविण्याचा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वीर भुयारांत शिरत, राक्षस मारीत व खजिना लुटीत. पुढे १९९१ मध्ये मार्क राइन-हेगन यांच्या ‘व्हँपायर: द मॅस्करेड’ने हा क्रमच उलटा केला. येथे खेळणाराच रक्तपिपासू पिशाच्च होतो, आणि भुयाराची जागा शिकागोसारखे आधुनिक महानगर घेते.

या महानगरात मनुष्यांच्या नकळत पिशाच्चांचे राज्य चालते. ‘प्रिन्स’ हा त्यांचा अधिपती. त्याच्याभोवती कुळे व कुळांचे हेवेदावे. मनुष्यांपासून आपले अस्तित्व लपविणे हा पहिला कायदा. नावातील ‘मॅस्करेड’, म्हणजे सोंग, ते हेच. तलवारीपेक्षा येथे उपकार, वचन व गुपित यांना अधिक मोल असते. कोण कोणाचा ऋणी, यावर सत्ता ठरते.

परंतु या सत्तेला किंमत आहे. प्रत्येक पात्राच्या कागदावर ‘माणुसकी’चा आकडा लिहिलेला असतो. क्रूर कृत्यानंतर फासे टाकावे लागतात. दान अनुकूल पडले नाही, तर तो आकडा उतरतो. तो शून्यावर आला की पात्र खेळणाराच्या हातून जाते. मग उरते ते निव्वळ श्वापद.

वीर किती बलवान झाला, हे पहिला खेळ मोजीत असे. बलवान होताना त्याच्यात माणूस किती उरला, हा प्रश्न या खेळाने टेबलावर मांडला. राज्यांच्या इतिहासालाही तो विचारावयास हवा.