फोटोतली सायकल उभी कशी राहिली?

दुचाकी चालली तर तिचा तोल राहतो, थांबली की ती पडते. जुन्या कॅमेऱ्याची अट नेमकी याच्या उलट होती: समोरचा हलला की फोटो बिघडला. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर मिशोच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल असलेल्या सायकली बाहेर पडू लागल्या, तेव्हा फोटो कोलोडियन लावलेल्या ओल्या काचेवर घेतला जाई. काच सुकायच्या आत सगळा कारभार उरकावा लागे आणि समोरच्याला काही सेकंद तरी निश्चल राहावे लागे. म्हणून त्या काळच्या सायकलींचे जे फोटो आज संग्रहालयांत आणि गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांत दिसतात, त्यांत यंत्र थांबलेले असते आणि तरीही पडलेले नसते. असा फोटो हाती आला की आपण आधी स्वाराचा चेहरा, मिशा, टोपी पाहतो. माझ्या मते आधी पाहायला हवे ते हे, की ही सायकल कशाच्या आधाराने उभी आहे. फोटोतली सर्वात विश्वासार्ह माहिती बहुधा त्या आधारातच असते, कारण आपण त्याच्याकडे पाहू अशी फोटो काढणाऱ्याची कल्पनाच नव्हती.

उंच चाकाच्या सायकलीपासून सुरुवात करू, कारण तिथे हा प्रश्न सर्वात अवघड होता. जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 1870 मध्ये इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीत ‘एरियल’ बनवली आणि पुढची पंधरा वर्षे मोठे पुढचे चाक आणि चिमुकले मागचे चाक यांचेच राज्य होते. पुढे या घाटाला पेनी-फार्दिंग म्हणू लागले. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले, चेन नाही. त्यामुळे चाक जितके मोठे तितका एका फेऱ्यात पल्ला जास्त. चाकाचा व्यास पन्नास इंचांच्या पुढेही सहज जाई, पण त्याला मर्यादा होती ती स्वाराच्या पायाच्या लांबीची. मागच्या चाकाच्या वर, कण्यासारख्या वाकलेल्या नळीला एक छोटी पायरी असे. तिच्यावर एक पाय ठेवायचा, दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा देत यंत्र चालते करायचे आणि मग वर सरकून सीटवर बसायचे. म्हणजे स्थिर सायकलवर चढण्याची सोयच नव्हती. तरीही स्वार वर ऐटीत बसला आहे आणि सायकल शांत उभी आहे असे कितीतरी फोटो आहेत. नीट पाहिले की भिंतीला टेकलेले हँडल सापडते, शेजारी सहज उभ्या असलेल्या मित्राचा हात सीटखाली गेलेला दिसतो, नाहीतर चाकामागे दडवलेली बारीक काठी स्पोकांच्या रांगेत एकच जाड रेघ होऊन उमटलेली असते. काही वेळा काचेवर रंग लावून किंवा खरवडून ती काठी मिटवलेली असते. मग जमिनीवरच्या सावलीत तिचा माग शोधायचा. आणखी एक खूण स्वाराच्या पायाची. खालच्या टोकाला गेलेल्या पायडलपर्यंत त्याचा तळवा पोहोचत नसेल, तर ती सायकल त्याच्या मापाची नाही. ती दुसऱ्या कुणाची किंवा स्टुडिओची असावी, असा तर्क बऱ्यापैकी खात्रीने करता येतो.

1878 नंतर सुक्या काचा तयार विकत मिळू लागल्या, 1888 मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला आणि चालत्या सायकलीचा फोटो निदान उन्हात तरी शक्य झाला. पण शक्य झाला म्हणजे काढला गेला, असे नव्हे. धावत्या वेशात, पुढे झुकलेल्या पवित्र्यात काढलेले अनेक फोटो उभ्या यंत्राचेच आहेत. इथे पारख करायला चाकच पुरते. जमिनीवर घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून खऱ्या चालत्या फोटोत खालचे स्पोक स्वच्छ आणि वरचे पुसट येतात. वरचे-खालचे सगळे स्पोक एक-एक करून मोजता येत असतील, तर स्वार कितीही झुकलेला असो, सायकल जवळपास जागच्या जागीच आहे. फोटोच्या खाली कुणी शर्यतीचे नाव लिहिले असले तरी त्याने हा पुरावा बदलत नाही.

मोटारसायकलीला हीच कसोटी लावली तर गंमत वाढते. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी 1885 मध्ये जर्मनीतल्या कानश्टाटला बनवलेल्या ‘राइटवागन’ला दोन्ही बाजूंना एकेक छोटे आधाराचे चाक होते. ती फोटोपुरती केलेली सोय नव्हती. यंत्राच्या रचनेतच तोलाची शंका होती आणि फोटोत ती उघड दिसते. मूळ यंत्र 1903 च्या कारखान्यातल्या आगीत जळाले, तेव्हा पुस्तकांत छापलेले त्याचे चकचकीत फोटो बहुतेक नंतर घडवलेल्या प्रतिकृतींचे आहेत, आणि खाली तसे लिहिलेले क्वचितच सापडते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोटारसायकलीला मागचे चाक उचलून धरणारा स्टँड आला. चालवताना तो वर करून मडगार्डला अडकवीत. फोटोत स्वाराचे दोन्ही पाय वर असतील आणि मागचे चाक जमिनीपासून बोटभर उंच असेल, तर तो वेग स्टँडवरचा.

यावर कुणी म्हणेल, त्या काळी कुठला फोटो बसवलेला नव्हता? खुर्चीतले आजोबाही मान धरून ठेवणाऱ्या लोखंडी आधाराला टेकलेलेच असत. हे खरे आहे. फरक इतकाच की खुर्ची निश्चल असली तरी ती खुर्चीच राहते, सायकलीचे सगळे सार चालण्यात आहे. शिवाय बसवलेला फोटो खोटाच असतो, असे माझे म्हणणे मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहणाऱ्या ॲलिस ऑस्टेन यांनी 1896 च्या ‘बायसिकलिंग फॉर लेडीज’ या मारिया वॉर्ड यांच्या पुस्तकासाठी फोटो काढले. बायकांना चढणे, उतरणे, सायकल दुरुस्त करणे शिकवायचे तर प्रत्येक हालचाल मध्येच थांबवून दाखवायला हवी होती. तिथे थांबणे हाच धडा होता, आणि स्त्रीने स्वतःची सायकल स्वतः हाताळावी हे त्या फोटोंनी ठामपणे मांडले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सायकलींचा इतिहास पेटंटांत आणि कंपन्यांच्या कॅटलॉगांत सविस्तर असताना फोटोतल्या काठ्या शोधत बसायचे कशाला? जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ 1885 ची, डनलॉपचा हवेचा टायर 1888 चा, हे कागदावर नोंदलेलेच आहे. पण कॅटलॉग विकाऊ माल दाखवतो, वापरातली वस्तू दाखवत नाही. सेंट लुईसचे विद्यार्थी विल्यम साख्टलेबेन आणि थॉमस ॲलन 1890 मध्ये पदवी घेऊन सायकलींवर जगप्रवासाला निघाले, बरोबर कोडॅक घेऊन. तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया, चीन असा त्यांचा मार्ग होता. त्यांच्या उरलेल्या निगेटिव्ह लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत. फोटोत एक जण असेल तर दुसरा कॅमेऱ्यामागे, आणि भोवती अनेकदा गावकऱ्यांची गर्दी. ज्या रस्त्यावर सायकल चालवायची तो रस्ता मुळात कसा होता, हे कुठल्याही कॅटलॉगात नाही. ते त्या मातीत रुतलेल्या चाकांजवळ दिसते.

आपल्याकडेही घरोघरच्या पेट्यांत असे फोटो आहेत: रंगवलेल्या पडद्यासमोर सायकलीचे हँडल धरून उभे राहिलेले काका, तुळतुळीत मोटारसायकलीवर बसलेले पणजोबा. ते स्कॅन करायला दिलेत तर एवढे सांभाळा. चेहरा मधोमध यावा म्हणून कडा कापू नका, कारण भिंत, हात, स्टँड हे सगळे कडेलाच असते. मागचा पुठ्ठा आणि त्यावरचा स्टुडिओचा शिक्का यांचाही फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना, ते आहेत तोवर, गाडी कुणाची होती ते विचारा आणि उत्तर मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहून ठेवा.