नांव आधीं, जंतु मागाहून

शास्त्रांत एखाद्या जीवाचें बारसें होण्यापूर्वीं तो जीव हातीं आलेला असावा, अशी सामान्य वाचकाची समजूत असते. यूरोपांतील आल्डर वृक्षाच्या मुळांवर ज्या गांठी येतात, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ती समजूत टिकत नाहीं.

१८६६ सालीं वोरोनिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ह्या गांठींच्या पेशींत बारीक तंतु पाहिले, आणि ती बुरशी समजून तिला 'शिंझिया आल्नि' असें नांव दिलें. १८८६ सालीं ब्रुंखोर्स्ट यांनीं आपले गुरु फ्रांक यांच्या सन्मानार्थ 'फ्रांकिया' ही निराळी प्रजाति कल्पिली. झाडाचीं मुळें व बुरशी यांच्या सहवासास १८८५ सालीं 'मायकोऱ्हायझा' हें नांव देणारे ते हेच फ्रांक. तेव्हां शिष्यानें केलेला गौरव अस्थानीं नव्हता. मात्र ज्या जीवाच्या नांवें तो झाला, तो बुरशी कीं बॅक्टीरिया, हेंच निश्चित नव्हतें.

जंतूची खरी ओळख पटवावयाची, तर तो निर्भेळ वाढवावा, निरोगी रोपास लावावा व तोच परिणाम घडवून दाखवावा, अशी कॉख यांची शिस्त. हा जंतु कांचेच्या नळींत वाढेना. तो इतका सावकाश वाढतो कीं, आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. आणि गांठीबरोबर आलेले मातींतील चपळ जंतु तेवढ्यांत सारें अन्न फस्त करतात. १९५९ सालीं पॉमर यांनीं तो वाढविल्याचें प्रसिद्ध केलें, परंतु तें वाण पुढें नष्ट झालें व श्रेयहि पदरीं पडलें नाहीं. आम्हांस याची हळहळ वाटते.

१९६४ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें हा बुरशी नव्हे, बॅक्टीरियाच, असा निकाल दिला. तरीहि १९७० सालीं बेकिंग यांनीं दहा जाति पाडल्या त्या कशावरून, तर गांठ कोणत्या झाडावर सांपडली त्यावरून! भाडेकऱ्याचें आडनांव घरमालकावरून ठरविण्याचाच हा प्रकार. पण बेकिंग यांस दोष देणें अन्यायाचें होईल. हातीं जंतु नसतां दुसरी खूण त्यांनीं आणावी कोठून?

अखेर १९७८ सालीं अमेरिकेंत कॅलहॅम, डेल ट्रेडिची व टॉरी यांनीं 'कॉम्प्टोनिया' नामक झुडुपाच्या गांठी विकरांनीं विरघळवून जंतु अलग केला, आणि तो रोपांस लावतांच पुन्हां गांठी आल्या. मग डीएनएची तुलना शक्य झाली. १९८९ सालीं असें आढळलें कीं, एकट्या आल्डरच्या वर्गांतील झाडांवरच एकाहून अधिक जाति नांदत आहेत. घरमालकावरून ठरविलेलीं आडनांवें अशा रीतीनें निरुपयोगी ठरलीं.

२०१६ सालीं 'फ्रांकिया आल्नि'स प्रमाणभूत नमुना लाभला, म्हणजे वोरोनिन यांच्या 'आल्नि' या शब्दामागें प्रत्यक्ष जंतु उभा राहण्यास बरोबर दीडशें वर्षें लागलीं. त्याच निबंधांत 'फ्रांकिया कॅज्युअरिनी' ही जातिहि मान्य झाली. तिचा नमुना सुरूच्या एका ऑस्ट्रेलियन भावंडाच्या मुळांतला. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर ज्या वृक्षाचीं बनें निव्वळ वाळूंत उभीं आहेत, तो सुरूहि हवेंतील नत्र मिळवितो तो अशाच फ्रांकियाच्या गांठींतून.