परळचं आवार आणि गावची दावण

जनावरांच्या डॉक्टरकीचं आपल्या मुलखातलं जुनं कॉलेज काही खेड्यात निघालं नाही. ते निघालं मुंबईत, परळला, 1886 साली. तिथं दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ होतं. कॉलेज त्याच आवारात बसलं. तवाची मुंबई घोड्या-बैलांवर चालायची. ट्रामगाडीसुद्धा घोडेच ओढायचे, विजेची ट्राम आली 1907 ला. म्हणजे वर्गातनं बाहेर पाऊल टाकलं की समोर लंगडा घोडा नाहीतर खांदा सुजलेला बैल उभा. पुस्तक आणि जनावर एकाच कुंपणात. ही त्या शिक्षणाची पहिली रीत, आणि मला वाटतं, तीच खरी रीत.

पण परळ आमच्यापासून लांब. तिथं शिकलेला डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यात बसायचा, गावाला त्याचं दर्शन क्वचित. आजा सांगायचा, बुळकांडी आली की दावणीच्या दावणी मोकळ्या व्हायच्या. लोक वेशीबाहेर निवद ठेवायचे आणि लस टोचणारा माणूस दिसला की गुरं रानात हाकलून द्यायचे. सुई टोचली की गाय आटते, बैल खांद्यातून जातो, अशी समजूत. लस होती, डॉक्टरही होता, भरवसा तेवढा नव्हता.

पुढं 1958 ला नागपूरला कॉलेज झालं आणि 1972 ला आमच्या मराठवाड्यात परभणीला. 72 साल म्हणलं की माझ्या वयाच्या माणसाच्या पोटात आजही कालवतं. वैरणीपायी लोकांनी लाल कंधारी बैलांच्या जोड्या मातीमोल विकल्या. अशा साली जनावराचं शिक्षण आमच्या दाराशी आलं. त्याच्या आधी तीन वर्षं, 1969 ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. कॉलेजची पोरं खेड्यात मुक्कामाला येऊ लागली ती तिच्यामुळं.

मी दहावी करून शेतीला लागलो होतो तवा अशा पोरांचं शिबिर आमच्या गावात आलं. शाळेत मुक्काम, सकाळी शोषखड्डे खणायचे, दुपारी जनावरांची तपासणी. पहिल्या दिवशी चावडीपुढं टेबल मांडून पोरं बसली, अन् एक शेपूट त्यांच्याकडं फिरकलं नाही. रातच्याला एका म्हातारीची शेळी अडली. पोरं कंदील घेऊन गेली. आत पिलाची मान मागं वळलेली. सरांनी सगळ्यात बारक्या हाताच्या पोराला पुढं बसवलं. त्यानं हात साबणानं धुतला, तेल लावलं, आणि कळ थांबली की हळूहळू मान सरळ करत आणली. एक पिलू मेलेलं निघालं, दुसरं जितं. पोरगं घामानं निथळत होतं. म्हातारीनं त्याला चुलीवरचं ऊन पाणी दिलं आणि म्हणली, "लेकरा, जेवून जा." दुसऱ्या दिवशी चावडीपुढं गुरं मावंनात. घटसर्पाची लस गावानं आपल्या पायानं येऊन टोचून घेतली. जे काम भाषणानं झालं नसतं ते एका हातानं केलं.

बुळकांडी हटली ती अशीच. 2006 साली भारत बुळकांडीमुक्त ठरला, 2011 साली सगळं जग. त्यामागं लस शोधणारे होते, तसे गावोगाव हिंडून लोकांशी बोलणारेही होते. ते बोलणं परीक्षेत कुणी विचारत नाही. ते कॉलेजात राहूनच, पण वर्गाबाहेर शिकावं लागतं.

आता या शिक्षणाला प्रवेश नीटच्या मार्कांवर मिळतो. माझी पुतणी तशीच गेली. ती सांगते, "काका, वर्गातल्या कितीतरी जणांना माणसांचं डॉक्टर व्हायचं होतं. नंबर लागला नाही म्हणून इकडं आले." काहींनी आल्या दिवसापर्यंत गाईच्या अंगाला हात लावलेला नसतो. त्यात त्यांचा दोष नाही. पण पुढं दोन वाटा फुटतात. एक जण खोलीत बसून पाठ करतो. दुसरा पहाटे गोठ्यातल्या पाळीला जातो, धार काढणाऱ्या गड्याशी दोस्ती करतो, शिबिराला नाव देतो, एनसीसीत घोड्यांचं पथक असलं तर खरारा करायला शिकतो. स्नेहसंमेलनात नाटक करणाऱ्यालाही मी कमी लेखत नाही. चार माणसांपुढं उभं राहायची भीड तिथंच मोडते, आणि पारावर तीच उपयोगी पडते.

2022 ला लम्पी आला तवा लसीकरणाला इंटर्नशिपची पोरंही उतरली. पुतणी त्यात होती. तिनं बघितलं, ज्याला वेसण धरता येत होती, "मामा, जरा मान आवळून धरा" असं म्हणता येत होतं, त्याचं काम झपाट्यानं उरकायचं. बाकीचे हातात सुई घेऊन मालकाच्या तोंडाकडं बघत राहायचे. मालकही बघायचा. त्याच्या दावणीला एकच गाय, तिच्या दुधावर पोराची फी.

साडेपाच वर्षं लागतात या डॉक्टरकीला, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कॉलेजात निघालेल्या पोरापोरींना माझं एवढंच सांगणं: पहिल्या वर्षापासूनच गोठ्यात जा, शिबिराला जा, गड्यांना नावानं हाक मारा. पुढं कधीतरी मध्यान्ह रात्री आमचा फोन येईल, गाय अडली म्हणून. त्या वेळी दारात कंदील नसंल, मोबाईलची बत्ती असंल, पण गाय तीच आणि घाई तीच. तुमचा हात सरावलेला असला तर आमची दावण भरलेली राहील.