तळटीप २३ : ‘टॉरी कॅन्यनचा खटका’
२३. टॉरी कॅन्यन : लायबेरियात नोंदणी असलेले, जवळपास ३०० मीटर लांबीचे तेलवाहू जहाज. कुवेतहून वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराकडे सुमारे १,२०,००० टन कच्चे तेल नेताना १८ मार्च १९६७ रोजी सकाळी ते कॉर्नवॉल आणि सिली बेटांच्या दरम्यान सेव्हन स्टोन्स खडकांवर चढले. लेखक म्हणतो तो ‘खटका’ म्हणजे सुकाणूचा ताबा चाकाकडे द्यायचा की स्वयंचलित यंत्रणेकडे, हे ठरवणारी दांडी. मासेमारी बोटी आड आल्याने वळण लांबले होते. ऐन वेळी चाक फिरवले, तर जहाज ढिम्म हलेना. दांडी भलत्याच जागी होती. कप्तान पास्त्रेंगो रुजाती यांनी ती जागेवर आणेपर्यंत उशीर झाला. असे भरलेले जहाज वेगात असताना सुकाणू टोकापर्यंत वळवले तरी आधी बरेच अंतर पुढेच जाते, त्याचा मागचा भाग उलट बाजूला फेकला जातो, आणि मग कुठे ते नव्या दिशेला लागते. घाई होती ती भरतीची. त्या दिवशीची मोठी भरती चुकली असती, तर बंदरात शिरण्याइतके पाणी पुढे काही दिवस मिळणार नव्हते. लायबेरियाच्या चौकशी मंडळाने दोष कप्तानावर ठेवला. प्रस्तुत संपादकाला तो निवाडा अपुरा वाटतो : दांडीची जागा चुकल्याचे चाक धरणाऱ्याला आपोआप कळू नये, ही रचनाही तितकीच दोषी होती.