सामायिक तबकडी व तिचे दोषशोधन
सामायिक तबकडी : संगणक-जालकातील अनेक संगणकांना वापरता येईल अशा रीतीने जोडलेल्या चुंबकीय तबकडीस सामायिक तबकडी म्हणतात. १९८० च्या सुमारास लहान संगणक कार्यालयांच्या व शाळांच्या आवाक्यात आले; परंतु पाच-दहा मेगाबाइट माहिती साठविणारी बंदिस्त तबकडी संगणकाहूनही महाग असे. एका तबकडीभोवती अनेक संगणक ही रचना अशा काटकसरीतून निर्माण झाली. तिच्या दोषशोधनाचा इतिहास बव्हंशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो : तबकडीच्या स्थितीची खरी नोंद कोणापाशी असावी?

कॅलिफोर्नियातील कॉर्व्हस सिस्टिम्स या कंपनीची ऑम्निनेट ही जालक-पद्धती या काळात विशेष प्रसार पावली. तीत पीळ दिलेल्या तारांच्या जोडीवरून सेकंदास १० लक्ष बिट या वेगाने ६४ पर्यंत उपकरणे जोडता येत. तबकडी सांभाळणारे यंत्र ‘अमुक क्रमांकाचा खंड वाच’ किंवा ‘लिही’ एवढीच आज्ञा पाळी. फाइल म्हणजे काय, हे त्यास ठाऊक नसे. मोकळ्या खंडांचा तक्ता प्रत्येक संगणक स्वतःच्या स्मृतीत वाचून घेई. समजा, दोन संगणकांनी हा तक्ता एकाच वेळी वाचला व दोघांनाही १२० क्रमांकाचा खंड मोकळा दिसला. दोघेही त्यात लिहीत आणि ज्याचा तक्ता शेवटी परत लिहिला जाई त्याचीच नोंद टिके. पहिल्याची फाइल नावापुरती उरे किंवा तिच्या पोटात दुसऱ्याचा मजकूर निघे. त्या क्षणी पडद्यावर कोणतीही सूचना येत नसे. काही दिवसांनी हिशेब जुळेनासे झाले म्हणजे तंत्रज्ञ तबकडीचा पृष्ठभाग तपासी व तो निर्दोष आढळे. प्रत्येक यंत्र आपल्यापुरते बरोबरच वागलेले असे. यास्तव लिहिण्याजोगा विभाग एकाच वापरकर्त्यास देणे व समाईक विभाग केवळ वाचनासाठी ठेवणे, हा उपाय रूढ झाला. कुलुपासारखे काम करणारी संकेतचिन्हेही उपलब्ध होती. मात्र प्रत्येक कार्यक्रमाने ती आपण होऊन पाळावी लागत. तबकडीची प्रत घरगुती व्हिडिओ फितीवर घेण्याची सोय याच कंपनीने केली होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

अमेरिकेतील युटा राज्यातील नॉव्हेल कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या नेटवेअरमध्ये खंडांऐवजी फाइलच मागावी लागे आणि तक्ता एकट्या सर्व्हरपाशी राही. त्यामुळे वरील दोष मुळातच नाहीसा झाला. पुढे तबकडीवर लिहिलेले लगेच वाचून पडताळणे, खराब खंडातील मजकूर राखीव जागेत हलविणे व दोन तबकड्यांवर एकच माहिती ठेवणे या सोयी तीत आल्या.

आता दोष तारेत व सर्व्हरच्या मौनात शोधावा लागे. बारीक समाक्ष केबलच्या दोन्ही टोकांस ५० ओहमचा रोधक आवश्यक असे. तो कोणी काढला तर त्या तारेवरील सर्व संगणकांना तबकडी एकदमच दिसेनाशी होई. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये विकसित केलेल्या एनएफएस पद्धतीतील दोष यापेक्षा फसवे होते. तीत सर्व्हर ग्राहक-संगणकांविषयी काहीच लक्षात ठेवीत नसे. तो बंद पडून पुन्हा सुरू झाल्यास ग्राहकाने तीच मागणी पुन्हा करावी, अशी योजना होती. मात्र बंद पडलेला सर्व्हर व मंद सर्व्हर यांतील फरक ग्राहकास ओळखता येत नसे. ‘कठोर’ जोडणीत कार्यक्रम अनिश्चित काळ थांबून राही. त्यास कंटाळून अनेक व्यवस्थापक ‘मृदू’ जोडणी निवडीत. तीत काही प्रयत्नांनंतर चूक कळविली जाई. परंतु बरेच कार्यक्रम ती तपासतच नसत व फाइल अर्धवट लिहिली जाई. लिहिण्याच्या तबकडीसाठी हा उपाय रोगापेक्षा वाईट होता.

नामावली दिसते, लहान फाइल उघडते, मोठी मात्र अडकते, हे या पद्धतीतील एक नमुनेदार लक्षण होय. आठ किलोबाइटची मागणी ईथरनेटवर सहा तुकड्यांत जाई. एक तुकडा हरवला की सहाही पुन्हा पाठवावे लागत. मागणीचा आकार एक किलोबाइटवर आणून काम चालू झाले, तर दोष तबकडीत नसून वाटेत आहे, असा निष्कर्ष निघे. वेग वाढविण्यासाठी काही निर्मात्यांनी प्रेषणातील बेरीज-पडताळणी बंद ठेवली होती. तेथे बिघडलेला मजकूर बिनबोभाट तबकडीवर उतरण्याचा धोका असे.

वैयक्तिक संगणकांवर आयबीएममध्ये उगम पावलेली एसएमबी ही पद्धत रूढ झाली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक कार्यक्रमाने तिच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीतील उणिवेचा उपयोग केला. जुनी आवृत्ती वगळण्याचे धोरण त्यापूर्वीच ठरले होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धातील विंडोज-१० पासून ते मूळ मांडणीत अमलात येऊ लागले. परिणामी तबकडी, तार व परवलीचा शब्द सर्व ठीक असूनही जुनी सामायिक तबकडी नव्या संगणकास सापडत नाही. जुनी आवृत्ती पुन्हा चालू केल्यास ती दिसते, परंतु जुना धोकाही परत येतो. म्हणून तसे करावयाचे झाल्यास जालक बाहेरच्या संपर्कापासून तोडून, माहिती नव्या साठ्यात उतरवून घेण्यापुरतेच करतात.