क्षयजंतूची ओळख : रंजकापासून जनुकापर्यंत

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथील शरीरक्रियाविज्ञान-मंडळापुढे रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला, आणि हा रोग कशाने होतो या प्रश्नाचा निकाल लागला. परंतु अमुक रोग्यास तो कोणाकडून झाला, हा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अनुत्तरितच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली सर्व क्षयजंतू सारखेच दिसतात, हे त्याचे कारण होय. रंगविलेल्या बेडक्यात तांबड्या काड्या दिसल्या म्हणजे आम्लरोधी जंतू आहेत एवढे कळे. ते कोणत्या घराण्यातील हे कळत नसे. शिवाय एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा दृष्टीस पडत नाहीत. संवर्धनाचा मार्ग अधिक खात्रीचा. पण हा जंतू दुभंगण्यास पंधरा-वीस तास घेत असल्याने निकालास काही आठवडे लागतात.

ही कोंडी फुटली ती १९९० च्या सुमारास. क्षयजंतूच्या डी. एन. ए. मध्ये ‘आय. एस. ६११०’ नावाचा एक स्थानांतर करणारा अनुक्रम आढळला. त्याच्या प्रतींची संख्या व त्यांच्या जागा निरनिराळ्या वाणांत निरनिराळ्या असतात. डी. एन. ए. चे ठराविक विकराने तुकडे करून ते विद्युत्प्रवाहाने लांबीप्रमाणे वेगळे केले आणि त्यांतील हा अनुक्रम असलेले तुकडे हेरले, म्हणजे पट्ट्यांची एक नक्षी मिळते. तोच त्या वाणाचा ठसा. १९९३ मध्ये या पद्धतीस आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप देण्यात आले, आणि दोन देशांतील ठसे शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले.

या ठशांनी एका रूढ समजुतीस धक्का दिला. प्रगत देशांतील प्रौढांचा क्षय बहुधा जुन्या, सुप्त संसर्गाची पुनर्जागृती असते, असे मानले जाई. सॅन फ्रान्सिस्को येथील ४७३ रुग्णांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचा रोग नव्या संसर्गाचा ठरला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आला. बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या १६ रुग्णांपैकी १२ जणांत दुसऱ्या वेळी सापडलेला वाण पहिल्याहून भिन्न होता. रोग उलटला की रोग्याने औषध नीट घेतले नसावे असा ठपका ठेवण्याची वैद्यकात जुनी सवय आहे. येथे मात्र दोष रोग्याचा नसून, त्याच्या वस्तीत खेळत राहिलेल्या संसर्गाचा होता.

तथापि जी पद्धत एका देशात उपयोगी पडते ती सर्वत्र पडेलच असे नाही. १९९५ मध्ये मद्रास येथील संशोधकांनी दाखविले की, तेथील पुष्कळ वाणांत या अनुक्रमाची एकच प्रत असते, काहींत तर एकही नसते. जेथे पट्टीच एक, तेथे दोन परके वाणही एकसारखे भासणार. म्हणून भारतासारख्या देशास अन्य खुणांचा आधार घ्यावा लागला. ‘स्पॉलिगोटायपिंग’ ही १९९७ मध्ये पुढे आलेली पद्धत त्यांपैकीच होय. १९९८ मध्ये सुमारे ४४ लक्ष आधारक-जोड्यांचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला आणि संशोधनाचा पाया विस्तारला.

निदानाची वाट याच सुमारास मोकळी होत होती. पॉलिमरेझ शृंखला-प्रक्रियेमुळे थोड्या डी. एन. ए. च्या असंख्य प्रती काढता येऊ लागल्या. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंत ‘आर. पी. ओ. बी.’ या जनुकाच्या एका लहानशा भागात बदल झालेला असतो, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. यांतूनच ‘जीन-एक्सपर्ट’ ही चाचणी निर्माण झाली. आधीच्या पिढीस आठवडे लागत त्या निकालास आता दोन तासही लागेनात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या परीक्षणाच्या केंद्रांत मुंबईचाही समावेश होता. पुढे गोव्यातील कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही बॅटरीवर चालणारी चाचणी आली आणि २०२० मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

आज संपूर्ण जीनोम वाचून संसर्गाची साखळी शोधतात. या जंतूत सरासरी दोन वर्षांत सुमारे एकच अक्षर बदलते. त्यामुळे दोन रुग्णांचे जंतू निकटचे आहेत हे कळले, तरी कोणी कोणास रोग दिला हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. तसेच मेलेल्या जंतूंचा डी. एन. ए. ही चाचणीत उमटतो. म्हणून उपचारांचा गुण पाहण्यास आजही सूक्ष्मदर्शक व संवर्धन यांकडेच वळावे लागते. रोग्याच्या घरी जाऊन त्याच्या सहवासातील माणसांची विचारपूस करण्याचे काम कोणत्याही यंत्राने संपविलेले नाही. जनुकाने जंतूची ओळख पटविली. पण साखळी तोडावयाची ती त्या विचारपुशीने व पुरेशा औषधोपचारानेच.