सायबर हल्ला झाला तर पहिल्या तासात काय करायचं? दूध संस्था, पतसंस्था आणि सेवा केंद्रांसाठी सोपा आराखडा

११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. त्याच दिवशी पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसलेल्या चोरट्यांनी बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली.

मोठ्या बँकेवर ही वेळ येते, मग गावातल्या संस्थांचं काय? दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, पतसंस्थेतल्या ठेवी, सेवा केंद्रात जमा झालेली आधारची कागदपत्रं, ग्रामपंचायतीचे दाखले हे सगळं आता एक-दोन संगणकांत आणि सचिवाच्या मोबाईलमध्ये असतं. हल्ला कधी होईल ते आपल्या हातात नाही. झाल्यावर कोण काय करणार, हे मात्र आधी ठरवता येतं. यालाच सायबर घटना प्रतिसाद आराखडा म्हणतात. नाव मोठं असलं तरी लहान संस्थेसाठी तो दोन-तीन पानांत बसतो. त्यात पुढच्या आठ गोष्टी हव्यात.

१. जबाबदार माणसं

घटना घडल्यावर निर्णय घेणारा एक माणूस आणि तो गावाला गेला असेल तर त्याच्या जागी दुसरा, अशी दोन नावं लिहून ठेवावीत. संगणक बंद करणं, बँकेला फोन करणं, सभासदांना सांगणं ही कामं वाटून द्यावीत. चोरटे अनेकदा सुट्टीचा दिवस किंवा रात्रीची वेळ निवडतात, म्हणून रविवारी आणि सणाच्या दिवशी कोण, हेही ठरलेलं असावं.

बँक शाखा, सॉफ्टवेअर पुरवठादार, पोलीस ठाणे आणि १९३० हे क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावेत. मोबाईलच हॅक झाला तर त्यातले क्रमांक उपयोगाचे राहत नाहीत.

२. काय काय आहे, त्याची यादी

संगणक, अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचं टोकन, बँक खाती, ओटीपी येणारे मोबाईल नंबर, व्हॉट्सॲप ग्रुप यांची नोंद ठेवावी. कोणाकडे कशाचा पासवर्ड आहे, तेही लिहावं. पासवर्ड मात्र त्या यादीत लिहू नये. काम सोडून गेलेल्या माणसाचा लॉगिन त्याच दिवशी बंद करावा.

३. हल्ल्याची लक्षणं

फाइल उघडत नाहीत आणि स्क्रीनवर पैशांची मागणी दिसते, न मागितलेले ओटीपी येतात, मोबाईलची रेंज अचानक जाऊन परत येतच नाही, आपल्या नंबरवरून इतरांना अनोळखी फाइल जातात, ही ठळक लक्षणं. पीएम किसान, वाहनाचा दंड किंवा लग्नपत्रिका अशा नावांनी येणाऱ्या एपीके फाइल म्हणजे ॲपच असतात. ते मोबाईलमध्ये बसलं की मेसेज आणि ओटीपी परस्पर चोरट्याकडे जाऊ शकतात. ‘नेट स्लो असेल’ म्हणून सोडून देऊ नये. शंका आली की लगेच जबाबदार माणसाला सांगावं, असा नियमच करावा. चूक कर्मचाऱ्याची असली तरी आधी शाबासकी द्यावी, चौकशी नंतर. ओरडा बसेल या भीतीने माणूस लपवतो आणि तेवढ्यात पैसे जातात.

४. आधी तोडा

पहिलं काम नुकसान पसरू न देण्याचं. संगणकाची इंटरनेट केबल काढावी, वायफाय बंद करावं, पेनड्राइव्ह लावू नये. मोबाईलवर संशय असेल तर तो फ्लाइट मोडवर टाकावा, वायफायही बंद आहे ना ते पाहावं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेट बँकिंग व कार्ड थांबवावं.

मोठ्या पातळीवरही हेच करतात. जुलै २०२४ मध्ये सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळ म्हणजे एनपीसीआयने ही कंपनी पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरती तोडली. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण लागण पुढे जाऊ नये म्हणून ते करावं लागलं. दुसऱ्या दिवशी सेवा पुन्हा जोडली गेली.

५. लगेच कळवा

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवावा. चोरटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि काढून घेतात. जी रक्कम अजून खात्यात आहे तीच गोठवता येते, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे.

बँकेला लेखी कळवणंही तितकंच गरजेचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. ओटीपी किंवा पिन ग्राहकानेच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

संस्थांसाठी आणखी एक नियम आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी आणि निगमित संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. नोंदणीकृत सहकारी संस्था कायद्याने निगमित संस्था असते, त्यामुळे सर्ट-इनचा तक्रारीचा पत्ता आराखड्यात हवाच.

६. पुरावा पुसू नका

घाबरून संगणक फॉरमॅट करणं ही नेहमीची चूक. स्क्रीनचे फोटो काढावेत, मेसेज, लिंक, फोन नंबर जपावेत, काय कधी दिसलं ते वहीत वेळेसह लिहावं. पोलिसांना आणि बँकेला दाखवायला हेच लागतं.

७. काम पुन्हा सुरू करणं

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले. नोंदणीपासून तपासणीच्या अहवालापर्यंतची कामं कित्येक दिवस कागदावर करावी लागली. गावातल्या संस्थेनेही पावती पुस्तक आणि नोंदवही कपाटात तयार ठेवावी. संकलन केंद्रावर आलेलं दूध संगणक सुरू होईपर्यंत थांबत नाही.

माहितीची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर हल्ल्यात तीही लॉक होते. ती प्रत खरंच उघडते का, हे अधूनमधून पाहावं. संगणक साफ झाल्याची खात्री पटल्यावरच माहिती परत भरावी आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. खंडणी दिली तरी फाइल परत मिळतील याची हमी नसते.

८. सभासदांना खरं सांगा, मग धडा घ्या

माहिती लपवली तर पारावर अफवा पसरते आणि ठेवी काढायला रांग लागते. काय झालं, काय सुरक्षित आहे, सभासदांनी काय करायचं हे एकाच माणसाने, एकाच शब्दांत सांगावं. संस्थेचा ग्रुपच हॅक झाला असेल तर फलकावर नोटीस लावावी आणि गावात दवंडी द्यावी.

सगळं निवळल्यावर बैठक घ्यावी. हल्लेखोर कुठून शिरला, कुठे वेळ गेला, काय बदलायचं हे इतिवृत्तात लिहावं. वर्षातून दोनदा सराव करावा: ‘आज रविवार, सचिवांचा मोबाईल हॅक झालाय, आता पुढे?’ असं विचारून प्रत्येकाने आपलं काम सांगायचं. जिथे कोणी अडतो, तिथे आराखडा कच्चा आहे.

घरासाठीही एक कागद

घरात एवढं लिहून ठेवलं तरी पुरे: १९३०, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, सिम कंपनीचा क्रमांक आणि अडचणीत ज्याला फोन करायचा त्या माणसाचं नाव. आजी-आजोबांनाही तो कागद कुठे आहे ते दाखवून ठेवावं. त्या घाईच्या वेळी क्रमांक शोधण्यातच पहिली दहा मिनिटं जातात.